ग्वानिनचा पीक घटला म्हणजे डीएनए तुटलाच, असं नाही

डीएनए बायोसेन्सरवर, म्हणजे औषधाने डीएनएला इजा होते का हे विजेच्या प्रवाहावरून ओळखणाऱ्या साधनावर, नवीन काम सुरू करतोयस, तर औषधाची बाटली उघडण्याआधी काही दिवस नुसत्या डीएनएला दे. कार्बन इलेक्ट्रोडवर डीएनएचा थर बसव, आम्लधर्मी ॲसिटेट बफरमध्ये डिफरन्शियल पल्स व्होल्टामेट्री कर, म्हणजे व्होल्टेज छोट्या स्पंदांनी वाढवत प्रवाह मोज. डीएनएमधल्या ग्वानिन या बेसचा पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, साधारण +१.० व्होल्टजवळ दिसेल, ॲडेनिन या दुसऱ्या बेसचा त्याच्या पुढे. हे दोन्ही पुन्हापुन्हा सारखेच येईपर्यंत पुढे जाऊ नकोस.

मग औषध. इथेच बहुतेक जण घाई करतात. ग्वानिनचा पीक कमी झाला की लगेच 'डीएनएला इजा' असं वहीत लिहितात. पण औषध बेसच्या जोड्यांमध्ये शिरून बसलं, तरी पीक घटतो. थर इलेक्ट्रोडवरून धुऊन गेला, तरीही घटतो. म्हणून औषध नसलेला डीएनए तेवढाच वेळ, त्याच बफरमध्ये ठेवून मोजायचाच. नुसत्या औषधाचा व्होल्टामोग्रामही, म्हणजे असाच आलेखही, हवा. डॉक्सोरुबिसिनसारखी कर्करोगावरची औषधं स्वतःच ऑक्सिडाइज होतात आणि त्यांचा पीक डीएनएच्या खात्यात जमा होतो.

माझी नजर मात्र आधी +०.४५ व्होल्टच्या आसपास जाते. तिथे ८-ऑक्सोग्वानिनचा, म्हणजे ऑक्सिडाइज झालेल्या ग्वानिनचा, बारीकसा उंचवटा उमटला, तर ऑक्सिडेशनने झालेल्या इजेचा तो खरा बोलका पुरावा. बेसलाइन, म्हणजे आलेखाची पायारेषा, नीट वजा केली नाहीस तर तो हातचा निसटेल.

आणि जेल इलेक्ट्रोफोरेसिसची, म्हणजे डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करण्याच्या पद्धतीची, जोड दे. तुटलेल्या साखळ्या तिथे डोळ्यांना दिसतात.