वाचकांचे प्रश्न : धावण्याच्या बुटांचा मऊपणा आणि स्थिरता

प्रश्न : माझे वय 46 वर्षे असून वजन 82 किलो आहे. मी आठवड्यातून चार दिवस सकाळी कांपालहून मिरामारपर्यंत, पणजीत कधी रस्त्याने तर कधी किनाऱ्यावरून धावतो. बूट घ्यायला गेलो तेव्हा विक्रेत्याने माझे तळवे सपाट असल्याचे व पाय आत कलत असल्याचे सांगून स्टॅबिलिटीचेच, म्हणजे पाऊल आत कलू न देणारे, बूट घेण्याचा आग्रह धरला. मित्राच्या मते तळ जितका जाड आणि मऊ, तितके गुडघे सुरक्षित. मी कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, पर्वरी

उत्तर : दोघांचेही निम्मेच ऐकावे.

पाय आत कलणे हा मुळात दोष नाही. धावताना बहुतेकांची टाच बाहेरच्या कडेवर टेकते आणि तिथून पाऊल आतल्या बाजूला वळत जमिनीवर पसरते. या हालचालीला प्रोनेशन म्हणतात आणि पाऊल टेकण्याचा धक्का जिरवण्यात तिचा वाटा मोठा असतो. डेन्मार्कमध्ये 927 नवशिक्या धावपटूंना, त्यांच्या पावलांची ठेवण कशीही असली तरी, एकाच प्रकारचे साधे न्यूट्रल बूट, म्हणजे पाऊल आवरण्याची खास सोय नसलेले, देऊन वर्षभर नोंदी ठेवल्या गेल्या. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पाय आत कलणाऱ्यांना दुखापती अधिक झाल्याचे आढळले नाही. लक्झेंबर्गमधील 372 धावपटूंच्या 2016 सालच्या अभ्यासात मात्र, ज्यांचा पाय आत कलतो त्यांना पाऊल आवरून धरणाऱ्या बुटांचा फायदा झालेला दिसला. माझ्या मते याचा व्यवहारातला अर्थ असा, की केवळ तळवा सपाट आहे म्हणून महागडे स्टॅबिलिटी बूट घेण्याचे कारण नाही. पण नडगीच्या आतल्या कडेला किंवा घोट्याच्या आतल्या बाजूस वारंवार दुखत असेल, तर ते घालून पाहणे योग्य ठरेल. आपण दुखण्याचा उल्लेख केलेला नाही, तेव्हा तूर्त तशी तक्रार नसावी असे धरून पुढे लिहितो.

धावताना प्रत्येक पावलावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट भार येतो, म्हणजे आपल्या बाबतीत साधारण 160 ते 250 किलो. हा भार घेणारा बुटाचा मधला थर फोमचा असतो. 1970च्या दशकाच्या मध्यापासून तो प्रामुख्याने ईव्हीए या पदार्थाचा बनू लागला. 2013 साली आदिदासने टीपीयू या लवचिक प्लास्टिकचे फुगवलेले दाणे एकमेकांना चिकटवून केलेला अधिक उसळता फोम आणला आणि आता शर्यतीच्या महाग बुटांत त्याहून हलका, पेबा नावाच्या प्लास्टिकचा फोम वापरला जातो. फोम मऊ असला म्हणजे धक्का त्याच प्रमाणात कमी होतो, ही आपल्या मित्राची समजूत मात्र पूर्ण खरी नाही, कारण पायाखाली मऊ लागले की शरीर आपोआप पाय अधिक ताठ ठेवते. फक्त तळाच्या कडकपणात फरक असलेले बूट 848 धावपटूंना देऊन केलेल्या 2020 सालच्या अभ्यासात कडक तळाच्या गटात दुखापती अधिक झाल्या हे खरे. पण हा फरक हलक्या वजनाच्या धावपटूंत स्पष्ट होता, जड वजनाच्या धावपटूंत तो तसा ठामपणे दिसला नाही. आपल्या वजनाखाली अतिशय मऊ फोम पूर्ण दबला, तर त्याच्या जाडीचा उपयोगही उरत नाही. म्हणून मध्यम कडकपणाचा तळ पाहावा.

स्थिरता कशातून येते, हे दुकानात क्वचितच नीट सांगितले जाते. पूर्वी टाचेच्या आतल्या बाजूला जास्त घट्ट फोमचा तुकडा बसवत, जो बहुधा करड्या रंगामुळे ओळखू येई. अलीकडे अनेक कंपन्यांनी तो काढून त्याऐवजी तळ रुंद केला आहे आणि फोमच्या कडा पावलाच्या दोन्ही बाजूंनी वर उचलल्या आहेत. त्यामुळे स्टॅबिलिटी असे लेबल नसलेला, पण रुंद बैठकीचा बूटही पुष्कळ स्थिर असू शकतो. उलट उंच, मऊ आणि अरुंद तळाचा बूट लेबल कसलेही असो, वळणावर डुगडुगणारच. बूट टेबलावर ठेवून मागून पाहावा, टाचेमागची वाटी बोटांनी दाबून ती सहज चेपते का ते तपासावे आणि मधोमध पिळून पाहावे. फडक्यासारखा पिळला जाणारा बूट ठेवून द्यावा. मग बूट घालून एका पायावर उभे राहावे, आणि शक्य असल्यास दुकानाबाहेर थोडे धावून पाहावे. हे सारे संध्याकाळी, पाऊल किंचित फुगलेले असताना करणे चांगले. पुढे अंगठाभर जागा हवी. या परीक्षेत जो बूट लगेच आरामशीर वाटेल, त्याला विक्रेत्याच्या सल्ल्यापेक्षा अधिक वजन द्यावे.

आपल्या मार्गाबद्दलही एक सांगायचे आहे. किनारा समुद्राकडे उतरता असतो, म्हणून समुद्राच्या बाजूचा पाय सतत खाली पडतो. परतताना निदान बाजू बदलते. रस्त्यावर तसे होत नाही. समोरून येणारी वाहने दिसावीत म्हणून आपण उजव्या कडेने धावत असाल, तर रस्त्याच्या उतारामुळे जाता-येता उजवाच पाय खाली राहतो आणि कोणताही स्टॅबिलिटी बूट हा उतार सपाट करू शकत नाही. शक्य तेथे पदपथ वापरावा.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी घेतलेले बूट फारसे न वापरता कपाटात ठेवले होते. या पावसाळ्यात बाहेर काढले, तर तळाचा अक्षरशः चुरा झाला. न वापरलेले बूट खराब कसे होतात?
– एक वाचिका, मडगाव

उत्तर : तळ बहुधा पॉलियुरेथेनचा असावा. हवेतील बाष्प या पदार्थाच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडते आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हे काम ते बंद कपाटातही निर्वेधपणे करते. चुरा झालेल्या फोमवर गोंद धरत नाही, त्यामुळे दुरुस्तीवर खर्च करू नये. ईव्हीएचा तळ असा भुगा होत नाही, पण वापराने त्याची उसळी कमी होते. साधारण 500 ते 800 किलोमीटरनंतर बूट बदलावेत, असे मानले जाते.

बूट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नयेत, कारण आतली ओल आतच राहते. पावसात भिजल्यावर आतला सुटा तळवा काढावा, वर्तमानपत्राचे बोळे भरून ते ओले होताच बदलावेत आणि बूट पंख्याखाली वाळवावेत. कडक उन्हात किंवा बंद गाडीत ठेवल्यास ईव्हीए आकसू शकतो. पावसाळ्यात रोज धावायचे असेल, तर दोन जोड आलटून पालटून वापरणेच सोयीचे.

प्रश्न : ओल्या रस्त्यावर न घसरणारे बूट कसे ओळखावेत?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : बाहेरच्या तळाला नुसता फोम नसून रबर आहे ना, ते पाहावे, टाच व चवड्याखालचे मऊ रबर ओल्या डांबरावर चांगली पकड देते, फक्त ते लवकर झिजते. शेवाळलेल्या चिऱ्यांवर मात्र कोणत्याही बुटाचा भरवसा धरू नये, तिथे चालावे.