साहित्यातला आणि शास्त्रातला युक्तिवाद वेगळा कसा?

मुख्य फरक दावा पडतो कसा, यात. १९०७ साली आपल्या गोव्यात जन्मलेले गणितज्ञ आणि संस्कृतचे अभ्यासक दामोदर धर्मानंद कोसंबी दोन्हीकडे वावरले. आहत नाण्यांबद्दल (ठसे उमटवलेली प्राचीन भारतीय नाणी) त्यांचा तर्क असा: नाणं हातोहात फिरून झिजतं, सरासरी वजन घटतं आणि नाण्या-नाण्यांतली तफावत वाढते. चलनातली आधुनिक नाणी तोलून त्यांनी हे पडताळलं. आकडे उलट आले असते तर तर्क तिथेच कोसळला असता. संस्कृत कवी भर्तृहरीच्या श्लोकांसाठी मात्र हस्तलिखितं ताडून ‘हाच पाठ का’, म्हणजे श्लोकाचं हेच रूप का स्वीकारलं, याचं समर्थन द्यावं लागलं. त्यावर दुसरा अभ्यासक मतभेद नोंदवू शकतो. ललित लेखक उदाहरणानं, उपरोधानं पटवतो. आपल्याकडच्या वक्तृत्व स्पर्धांत शास्त्राचे विषयही मुलं असेच मांडतात, आणि बक्षीस नेतात!