इस्लाममध्ये स्त्रीचा दर्जा इतर धर्मांपेक्षा खालचा आहे का?

सरसकट हो किंवा नाही म्हणता येणार नाही. मी कुर्ल्याला एका वकिलांकडे वाटणीची, मृत्युपत्रांची कागदपत्रं तयार करतो, म्हणून मिळकतीपासूनच सुरुवात करतो.

कुराणात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा आहे. निम्माच का, म्हणून आपण नाक मुरडतो. पण तो सातव्या शतकातला आहे. हिंदू मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत भावाइतका जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रात १९९४ साली मिळाला, देशभर २००५ मध्ये. पारशी मुलीचा वाटा भावाइतका व्हायला १९९१ उजाडलं.

शिवाय हिंदू बापाने स्वकमाईचा दादरचा फ्लॅट मृत्युपत्र करून सगळाच्या सगळा मुलाला दिला, तर मुलगी हात चोळत बसते. मुसलमान बापाला वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्राने एक तृतीयांशापलीकडे देता येत नाही, आणि सुन्नी असेल तर एका वारसाला तेवढंही नाही, त्यालाही बाकीच्या वारसांची संमती लागते. मुलीला डावलायचंच तर हयातीत हिबा, म्हणजे बक्षीस, करून ताबा द्यावा लागतो. (करतातही लोक.)

हे झालं कागदावरचं. वडील गेले की भाऊ बहिणीला घेऊन हक्कसोडपत्र करायला येतो. मी मजकूर वाचून दाखवतो. ती पदर नाहीतर ओढणी सावरत "कुठे करू सही?" एवढंच विचारते. चेंबूरच्या मराठ्यांची लेक असो की रत्नागिरीकडच्या कोकणी मुसलमानाची, कारण तेच: उद्या माहेरी जायला तोंड हवं ना! भावाने बहिणीसाठी हिस्सा सोडलाय, असा कागद क्वचितच टाइप केला असेल मी.

लग्नाच्या बाबतीत मात्र मी इस्लामची बाजू घेणार नाही. मेहर (नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम), निकाहात मुलीची संमती, विधवेचा पुनर्विवाह हे आधीपासून आहे, मान्य. आम्हा हिंदूंना विधवाविवाहासाठी १८५६ चा कायदा लागला, आणि मुंबई इलाख्यात हिंदू पुरुषाची दुसरी बायको १९४६ च्या कायद्याने बंद झाली. पण झाली एकदाची. समाजसुधारक हमीद दलवाईंनी १९६६ साली सात मुस्लिम बायकांचा मोर्चा याच मुंबईत नेला होता, तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा म्हणून. तीन तलाकचा कायदा व्हायला २०१९ साल आलं, आणि त्यातही चार बायकांच्या मुभेला हात लावलेला नाही.