‘आर’ सावकाश शीक, आधी रीडिंग जुळवणं सोड

तू विचारलंस: ‘ताई, बॉटनीत एम.एस्सी. करतेय, गणित अकरावीतच सोडलं. जर्मनीला येण्याआधी डेटा अ‍ॅनालिसिससाठी आर शिकू की पायथन, या दोन प्रोग्रामिंग भाषांपैकी कुठली? आणि एकटं वाटतं का?’ पहिल्याचं उत्तर: आर. जीवशास्त्राच्या लॅबमध्ये तुला विचारायला माणसं मिळतील ती त्यातलीच. दुसऱ्याचं: वाटतं, नोव्हेंबरात जास्त. इथेच थांबता आलं असतं, पण तुझा प्रश्न दोन दिवस डोक्यातून जाईना.

एपीएस (आपल्या पदव्यांची पडताळणी), ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं), विमा हे सगळं अधिकृत साइटवर आहे. तिथे नसतं ते नावाचं. आपल्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग आपलं, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम निराळा. इथल्या एका कार्यालयात वडिलांचं नाव माझं आडनाव झालं आणि ते निस्तरायला दीड वर्ष गेलं, दर खेपेला नवा अर्ज, नवं भाषांतर. त्याच काळात लॅबमध्ये कळलं की ‘सेप्ट२’ हे जनुकाचं नाव टाइप केलं की एक्सेल त्याची २ सप्टेंबर ही तारीख करून टाकतं. २०२० मध्ये शेवटी नामकरण समितीने जनुकांचीच नावं बदलली. मीही तेच केलं, सहीतून बाबांचं नाव काढून टाकलं. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

असो. आपल्याकडची मण्यांची प्रॅक्टिकल आठवते? पिशवीतून लाल-पांढरे मणी काढायचे, मेंडेलचं ३:१ गुणोत्तर येतंय का ते काय-स्क्वेअर या संख्याशास्त्रीय चाचणीने बघायचं. आमच्या वर्गात शंभर मणी कुणी काढले नाहीत. मागच्या वर्षीचं जर्नल उघडायचं, ७६ आणि २४ लिहायचं, सही घ्यायची. इथे पहिल्याच सेमिस्टरला बियांच्या उगवणीचे दोन आकडे मी तसेच ‘सुधारून’ दिले. तपासणाऱ्या बाईंनी शांतपणे विचारलं, मूळ कागद आहे का? हरवला म्हटलं. तो माझ्या बॅगेत होता. खुद्द मेंडेलचे वाटाण्यांचे आकडे जरा जास्तच जुळतात असं संख्याशास्त्रज्ञ फिशरने १९३६ मध्ये लिहिलं होतं, हे मी नंतर वाचलं. मेंडेलबद्दल वाद आहे, माझ्याबद्दल नाही.

दुसरी चूक मात्र प्रामाणिकपणे केली. दोन ग्रोथ चेंबर, एक २२ अंशांवर, एक २८ वर, प्रत्येकात अरॅबिडॉप्सिस या लॅबमधल्या नेहमीच्या छोट्या वनस्पतीची ४० रोपं. मी n, म्हणजे स्वतंत्र नमुन्यांची संख्या, ४० लिहिली; पी-व्हॅल्यू (फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता किती ते सांगणारा आकडा) झकास, म्हणजे अगदी लहान आली. स्टॅटिस्टिक्सच्या सल्लागाराने विचारलं, चेंबर किती? प्रत्येक तापमानाला एकच. मग n एकच. मला दिसलेला फरक तापमानाचा की त्या चेंबरच्या दिव्यांचा, हे माझ्या आकड्यांतून कधीच कळणार नव्हतं. १९८४ मध्ये हर्लबर्ट या पर्यावरणशास्त्रज्ञाने याला स्यूडोरेप्लिकेशन, म्हणजे खोटी पुनरावृत्ती, असं नाव दिलंय. चेंबरची तापमानं आलटून-पालटून सगळं पुन्हा चार वेळा करायला हवं होतं, प्रत्येक फेरी म्हणजे एक ब्लॉक, तुलनेचा एक स्वतंत्र गट. चार महिने पाण्यात गेले. प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे जाणं म्हणजे शवविच्छेदन करून घेणं, हे फिशर १९३८ मध्ये कलकत्त्यात बोलून गेला होता. आपल्याच देशात, आणि मला ते जर्मनीत येऊन ऐकावं लागलं.

हे एकदा डोळ्यांत बसलं की सगळीकडे दिसतं. बव्हेरियात मुलाची वाट चौथीतच ठरते: जर्मन, गणित आणि परिसर या तीन विषयांची सरासरी २.३३ पर्यंत असेल तर जिम्नॅसियम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा. इथे आकडा लहान तितका चांगला. माझ्या मुलाची सरासरी २.६६ आली. म्हणजे एका विषयात एका श्रेणीचा फरक. घरी मराठी बोलणारं पोर, जर्मन निबंधात अडलं. तिन्ही विषयांना बाई एकच, म्हणजे तीन आकडे दिसले तरी मोजमाप एकाच माणसाचं. हे मी पालकसभेत म्हणायला हवं होतं. माझं जर्मन तेवढं नव्हतं, मी मान डोलावली. तो आता रेआलशूलेत, म्हणजे त्याखालच्या पायरीच्या माध्यमिक शाळेत, मजेत आहे, दुखतं ते मलाच.

तर निघण्याआधी एक कर. स्वयंपाकघरातून बारा वाट्या घे, प्रत्येकीत मेथीचे वीस दाणे. सहा वाट्यांना साधं पाणी, सहांना मिठाचं. कुठल्या वाटीला काय आणि कुठली कुठे ठेवायची ते चिठ्ठ्या टाकून ठरव, मनाने नाही. कशाची कशाशी तुलना करणार ते आधी वहीत लिही. आणि n काय? २४० नव्हे, मीठ वाटीला दिलंयस, दाण्याला नाही. मूळ फाइल कधी बदलायची नाही, सगळी उठाठेव आरच्या स्क्रिप्टमध्ये. एखादी वाटी आईने धुऊन टाकली तर तसंच लिही.

आकडे पाठव, आपण मिळून बघू. वहीच्या पानाचा फोटोही पाठव, खाडाखोडीसकट.