समोरच्या काठावरचा भराव आणि आपल्या घरातलं पाणी

प्रश्न : नंदिनी (नासर्डी) नदीच्या काठाला आमचं बैठं घर आहे. १९८६ साली महापालिकेकडून नकाशा मंजूर करून बांधलं, पूर्णत्वाचा दाखलाही आहे. पुढे पूररेषा आखल्या गेल्या तेव्हा घर निळ्या रेषेच्या, म्हणजे नेहमीच्या पुराच्या हद्दीच्या, आत गेलं. गेल्या नोव्हेंबरच्या मध्यापासून समोरच्या काठावर एका बांधकाम व्यावसायिकाने रोज ट्रक भरभरून राडारोडा आणि मुरूम टाकला, आणि मे महिन्यात त्या भरावाला दगडी संरक्षक भिंत घातली. शेजारीच आर.एम.सी. प्लांट, म्हणजे तयार काँक्रीटचा कारखाना, सुरू झालाय. यजमानांना दमा आहे, खिडक्या उघडता येत नाहीत. जुलैत घरात गुडघाभर पाणी शिरलं. २००८ च्या महापुरातसुद्धा ते ओट्याच्या वर आलं नव्हतं. तीन कार्यालयांत अर्ज दिले. एक म्हणतं नदी आमच्याकडे नाही, दुसरं म्हणतं बांधकाम हा आमचा विषय नाही, तिसरं म्हणतं हवा ‘समाधानकारक’ आहे. पोर्टलवरची तक्रार ‘संबंधित विभागाकडे वर्ग’ असा शेरा मारून बंद केली. आणखी एक : १९९८ मध्ये आम्ही मागच्या बाजूला एक खोली परवानगी न घेता वाढवली. तक्रार केली तर पहिली नोटीस तुम्हालाच येईल, असं शेजारी सांगतात. काय करावं? — एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : ताई, खोलीचं नंतर बोलू. आधी नोव्हेंबर या महिन्याकडे बघा, कारण तुमच्या हातातला वेळ तिथून मोजला जातो.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, म्हणजे आपण ज्याला हरित लवाद म्हणतो, त्याचा कायदा २०१० चा. त्याच्या कलम १४ खाली पर्यावरणाचा वाद न्यायचा असेल तर वादाचं कारण प्रथम उद्भवल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. सबळ कारण दाखवलं तर आणखी साठ दिवस मिळतात. त्यापुढे एक दिवसही वाढवून देण्याचा अधिकार लवादाला नाही. नोव्हेंबरच्या मध्यात पहिला ट्रक रिकामा झाला असं धरलं तर ही मुदत जुलैच्या मध्यातच संपते. तुम्ही अर्ज देऊन वाट पाहिलीत, हेलपाटे घातलेत. ते महिने यातून वजा होत नाहीत. कार्यालयाकडे दिलेल्या तक्रारीने लवादाची मुदत थांबत नाही. हे बहुतेकांना माहीत नसतं आणि चांगली प्रकरणं तिथेच बुडतात.

तुमचं प्रकरण बुडालेलं नाही. त्याच कायद्याचं कलम १५ वेगळं आहे. नुकसानभरपाई, मालमत्तेची हानी भरून काढणं आणि बिघडवलेला परिसर पूर्ववत करणं, या तीन मागण्यांसाठी तिथे पाच वर्षांची मुदत आहे. भराव काढून नदीची रुंदी परत द्या, ही तुमची खरी मागणी ‘पूर्ववत करणं’ यात चपखल बसते. म्हणून अर्ज मुख्यतः कलम १५ खाली करा. सोबत कलम १४ सुद्धा लावा. मेमध्ये बांधलेली भिंत आणि जुलैत घरात आलेलं पाणी ही नवी कारणं आहेत, असं मांडा. लवाद ते मान्य करेल याची हमी मी देत नाही, पण मांडायला हवं.

आता एक अडचण. लवाद फक्त ठरावीक पर्यावरण कायद्यांखालचे वाद ऐकतो. त्यात जलप्रदूषणाचा १९७४ चा, हवेचा १९८१ चा आणि पर्यावरण संरक्षणाचा १९८६ चा कायदा आहे. नगररचना कायदा त्या यादीत नाही, पाटबंधारे कायदाही नाही. नुसतं ‘बिल्डरमुळे घरात पूर आला’ असं लिहून गेलात, तर हा आमचा विषय नव्हे असं तिथेही ऐकावं लागेल.

त्यातून वाट जलप्रदूषण कायद्याच्या कलम २४ मध्ये आहे. प्रवाहात घाण सोडायला मनाई, एवढंच ते कलम म्हणत नाही. पाण्याच्या वाहण्याला अडथळा होऊन इतर कारणांनी झालेलं प्रदूषण लक्षणीय वाढेल, अशी कोणतीही वस्तू प्रवाहात टाकायलाही त्यात मनाई आहे. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींकडून येताना नंदिनी काय काय घेऊन येते हे तुम्हाला काठावर राहून माहीत आहे. राडारोड्याने पात्र आवळलं की ते सांडपाणी तुंबतं, फुगतं आणि घरात शिरतं. जुलैत आत आलेलं पाणी कसं होतं, त्याचा वास, भिंतीवर राहिलेला गाळ, हे सगळं अर्जात सविस्तर लिहा. पूर आणि प्रदूषण यांना जोडणारा दुवा तोच आहे.

राडारोड्यासाठी स्वतंत्र नियम आहेत. २०१६ चे बांधकाम व पाडकाम कचरा व्यवस्थापन नियम, आणि १ एप्रिल २०२६ पासून त्यांच्या जागी आलेले २०२५ चे नवे नियम. कोणती खेप कोणत्या तारखेला पडली त्यावर कोणते नियम लागू होतील ते ठरतं, म्हणून तारखांची नोंद ठेवा. दोन्ही नियम पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे आहेत, त्यामुळे लवादाच्या कक्षेत येतात.

तोच ढीग हवेचाही गुन्हेगार आहे. २५ जानेवारी २०१८ च्या अधिसूचनेने पर्यावरण संरक्षण नियमांत बांधकामाच्या धुळीची तरतूद घातली गेली : माती-वाळू उघडी ठेवायची नाही, पाणी मारायचं, वाऱ्याला आडोसा उभारायचा, आणि पर्यावरण मंजुरी लागणाऱ्या प्रकल्पांनी धूळ रोखण्याचे उपाय आराखड्यात असल्याशिवाय काम सुरू करायचं नाही. ज्या शहरांत धूलिकणांचं प्रमाण मानकांपेक्षा जास्त आहे तिथे हे बंधनकारक आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात, मानकं न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत नाशिक आहे. हे एकच वाक्य तिसऱ्या कार्यालयाच्या ‘समाधानकारक’ या उत्तराला पुरेसं आहे.

तरी त्या उत्तराबद्दल थोडं आणखी, कारण ते ऐकून माणसं गप्प बसतात. आपल्याकडची स्वयंचलित हवामापन केंद्रं गंगापूर रोड, हिरावाडी, पांडवनगरी अशा ठिकाणी आहेत. तुमच्या खिडकीपासून शंभर फुटांवर ट्रक रिकामा झाला तर त्याची धूळ तिथल्या यंत्रात येणार नाही. शिवाय हवेचा रोजचा निर्देशांक चोवीस तासांच्या सरासरीवर काढतात. दुपारचे तीन तास श्वास घेता आला नाही, हे सरासरीत विरून जातं. १०० पर्यंतच्या निर्देशांकाला ‘समाधानकारक’ म्हणतात आणि पीएम १० चं, म्हणजे हवेतल्या बारीक धूलिकणांचं, चोवीस तासांचं मानकही १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, म्हणजे त्या शब्दाचा वरचा काठ मर्यादेलाच टेकलेला आहे. तेव्हा अर्जात शहराच्या हवेबद्दल काही म्हणू नका. प्लांटच्या हद्दीवर आणि माझ्या घरापाशी नमुने घ्या, अशी मागणी करा. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कार्यालय सातपूरला उद्योग भवनात आहे. प्लांटला स्थापनेची आणि चालवण्याची संमती आहे का, असल्यास अटी कोणत्या, हे त्यांना माहितीच्या अधिकारात विचारा. संमती नसेल किंवा अटी मोडल्या असतील तर हवा कायद्याच्या कलम ३१-अ खाली प्लांट बंद करण्याचा, त्याची वीज तोडण्याचा आदेश मंडळ देऊ शकतं. सिंहस्थाच्या कामांची घाई आहे, असं तुम्हाला कदाचित ऐकवतील. सिंहस्थासाठी या नियमांतून कुणालाही सूट दिलेली नाही.

मग टोलवाटोलवी. तीन कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवतात, कारण तुम्ही तिघांना एकच अर्ज दिलात. तसा अर्ज ‘वर्ग’ करणं सगळ्यात सोपं. प्रत्येकाला त्याचाच प्रश्न विचारा. पूररेषा आखण्याचं काम जलसंपदा विभागाचं आहे. १९८९ च्या परिपत्रकापासून त्याची पद्धत ठरलेली आहे : साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. तुमच्या जागी दोन्ही रेषांची पातळी किती, समोरचा भराव निळ्या रेषेच्या आत येतो का आणि त्या भिंतीला ना-हरकत दिली होती का, एवढंच त्यांना विचारा.

महापालिकेला ‘नदी कुणाची’ हे विचारूच नका. नगररचना कायद्यात विकासाच्या व्याख्येत जमीन भरून काढणंही येतं. म्हणजे भराव हाच विकास आहे आणि त्याला परवानगी लागते. एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत नदीकाठ ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा आहे. बाग, मोकळी जागा, पार्किंग, ओट्यांचा भाजीबाजार, स्मशानभूमी अशा मोजक्या वापरांखेरीज तिथे काही करता येत नाही. परवानगी नसेल तर काम थांबवण्याची नोटीस कलम ५४ खाली आणि हटवण्याची कलम ५३ खाली देणं, हे महापालिकेचं काम आहे. ‘नोटीस दिली का, नसल्यास का नाही’ याचं लेखी उत्तर मागा. नकार आला तरी चालेल. लेखी नकार तुमच्या फायलीत हवा.

माहिती अधिकाराचे अर्ज वेगवेगळे करा, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. उत्तराची वाट न पाहता फाईल प्रत्यक्ष पाहण्याचीही मागणी करा. मला तो मार्ग जास्त उपयोगी वाटतो, कारण फाईलवरचे शेरे उत्तरात येत नाहीत.

जुलैचं पाणी ‘धरणातून सोडलेलं’ होतं, असा बचाव जवळजवळ नक्की येईल. गंगापूर धरणाचा विसर्ग गोदावरीत जातो, नंदिनीत येत नाही. गोदेला मोठा पूर असला की संगमाकडून फुगवटा मागे येऊ शकतो, म्हणून त्या दिवशीचा विसर्ग जलसंपदाकडून आणि पाऊस हवामान खात्याकडून मागवा. मग २००८ शी तुलना करा. १९ सप्टेंबर २००८ च्या पुरात सराफ बाजार, भांडी बाजार पाण्याखाली होते, तरी तुमच्या ओट्यावर पाणी चढलं नाही. यंदा गुडघाभर आलं. यंदाचा विसर्ग आणि पाऊस त्यापेक्षा कमी निघाला, तर मधल्या काळात बदललं काय, याचं उत्तर समोरच्या काठाने द्यायचं आहे. तुमच्याकडचा सगळ्यात जड पुरावा हाच. २००८ ची पाण्याची खूण दाखवणारे जुने फोटो, त्या वेळचा पंचनामा, तेव्हा तिथे राहणाऱ्या शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं गोळा करा. उपग्रहावरची जुनी-नवी छायाचित्रं इंटरनेटवर मिळतात. नोव्हेंबरच्या आधीचा आणि आताचा काठ शेजारी ठेवला की वेगळं सांगावं लागत नाही. भिंतीवरची यंदाची रेघ रंग देण्याआधी टेपसह फोटोत घ्या, आणि मोबाइल फोटोंसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा.

समोरच्याने नदी दाबून स्वतःची जागा वाचवली आणि लोट दुसऱ्याच्या दारात ढकलला, हे न्यायालयांना नवीन नाही. हिमाचलात बियास नदीच्या काठावर एका हॉटेल कंपनीने आपला पूर टाळण्यासाठी प्रवाहच वळवला होता. एम. सी. मेहता विरुद्ध कमल नाथ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितलं की नद्या सरकारकडे जनतेच्या वतीने विश्वस्त म्हणून आहेत. कंपनीचा भाडेपट्टा रद्द झाला आणि परिसर पूर्ववत करण्याचा खर्च तिच्यावर बसला. तुमच्या अर्जात हा निकाल हवाच.

आता खोली. शेजारी सांगतात त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. मूळ घर मंजूर नकाशाचं आहे, पूर्णत्वाचा दाखला आहे. नंतर आखलेल्या रेषेने ते अनधिकृत होत नाही. उलट निळ्या रेषेच्या आतल्या जुन्या अधिकृत घराचा पुनर्विकाससुद्धा जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच ठेवून आणि जलसंपदाच्या ना-हरकतीने करता येतो. १९९८ ची खोली मात्र उघडी पडेल. ती नियमित होईल अशी आशा मी दाखवणार नाही. निषिद्ध पट्ट्यात ते अवघड आहे. समोरचा वकील पहिल्याच तारखेला तिचा फोटो पुढे करेल. म्हणून तुमच्या प्रतिज्ञापत्रात ती आधी तुम्हीच सांगा : केव्हा बांधली, किती फुटांची, नदीच्या बाजूला आहे की रस्त्याच्या. शक्य असेल तर अर्जाआधीच उतरवून घ्या आणि तसं महापालिकेला कळवून पोच घ्या. एका खोलीसाठी सगळं घर दर पावसाळ्यात पाण्यात घालायचं का, याचा निर्णय तुमचा आहे. मी तुमच्या जागी असतो तर खोली सोडली असती.

लवादाचं आपल्या भागाचं खंडपीठ पुण्यात आहे. अर्ज ऑनलाइन दाखल होतो, वकील नसला तरी स्वतः बाजू मांडता येते. भरपाई मागितली नाही तर शुल्क एक हजार रुपये. मागितली तर रकमेच्या एक टक्का, किमान एक हजार. आकडा फुगवू नका. भिजलेलं सामान, दुरुस्ती, औषधोपचार, जेवढ्याच्या पावत्या आहेत तेवढंच मागा. वसाहतीतली आणखी चार-पाच घरं सोबत आली तर उत्तम, पण त्यांच्यासाठी थांबू नका.

पावसाळा अजून संपलेला नाही, म्हणून एक अर्ज उद्याच करता येईल. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपविभागीय दंडाधिकारी सार्वजनिक उपद्रव हटवण्याचा आदेश देऊ शकतात. जुन्या फौजदारी संहितेतलं हे कलम १३३. त्याच्याच जोरावर १९८० मध्ये रतलामच्या रहिवाशांनी गटारं बांधून घेतली होती, आणि ‘पैसे नाहीत’ हा नगरपालिकेचा बचाव सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला होता. पात्रातला सुटा राडारोडा तातडीने उचलावा, एवढीच मागणी तिथे करा. भिंतीचा प्रश्न लवादासाठी ठेवा. अर्जाची प्रत जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष म्हणून जिल्हाधिकाऱ्यांना द्या. आणि यजमानांच्या डॉक्टरांकडून नोव्हेंबरपासूनच्या तपासण्यांचे कागद तारखांसह आजच मागून घ्या. दवाखान्यातले जुने कागद नंतर सापडत नाहीत.