जमिनीखालची ऊब: खर्च कुठे सार्थकी लागेल?

प्रश्न: आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. १९३० च्या दशकातले सेमी-डिटॅच्ड (एका बाजूची भिंत शेजाऱ्याशी सामाईक असलेले) घर घेतले असून मागे स्वयंपाकघर वाढवत आहोत. संपूर्ण तळमजल्यावर जमिनीखालचे हीटिंग करून भिंतीलगतचे, गरम पाण्याने तापणारे रेडिएटर काढून टाकावेत, असा बिल्डरचा आग्रह आहे. सासू-सासरे दर हिवाळ्यात साताऱ्याहून येतात आणि गार फरशीवर त्यांचे पाय ठरत नाहीत. सासऱ्यांना मधुमेहही आहे. हा खर्च करावा का? – एक वाचक

उत्तर: मागच्या भागात अवश्य करावा, पुढच्या खोल्यांत मी करणार नाही.

मागे आपण जमीन नव्यानेच घालणार आहात. खणणे, काँक्रीट, इन्सुलेशनचे (उष्णता रोखणारे) बोर्ड आणि वरचा स्क्रीड, म्हणजे सिमेंट-वाळूचा सपाट थर, हा खर्च तसाही होणारच असल्याने, त्या स्क्रीडमध्ये गरम पाण्याच्या नळ्या टाकून घेण्याचा वाढीव खर्च तुलनेने कमी असतो. पुढच्या खोल्यांत मात्र, त्या काळच्या घरांत बहुधा असते तशी, तुळयांवर ठोकलेल्या फळ्यांची जमीन असेल. तिथे एक तर फळ्या उचकटून तुळयांच्या मध्ये इन्सुलेशन आणि नळ्या बसवाव्या लागतात, आणि त्या भरात बाहेरच्या भिंतीतल्या हवेच्या जाळ्या बुजल्या तर लाकूड कुजू लागते. नाही तर वरून नळ्यांसाठी खाचा असलेले पंधरा-वीस मिलिमीटर जाडीचे बोर्ड टाकावे लागतात. मग दारे खालून तासावी लागतात आणि जिन्याची पहिली पायरी बाकीच्यांपेक्षा बुटकी होते. घरात वयस्कर माणसे असताना ही असमान पायरी मला अजिबात पसंत नाही.

आता उष्णतेचा हिशेब पाहू. खोलीत २० अंश तापमान हवे असेल आणि जमिनीचा पृष्ठभाग २७ अंशांवर असेल, तर दर चौरस मीटरमागे साधारण ७५ वॅट उष्णता मिळते. ओट्याखालची कपाटे वजा जाता आपल्या स्वयंपाकघरात १८ चौरस मीटर जमीन मोकळी राहिली, तर सुमारे १,३५० वॅट हाती येतील. चांगले इन्सुलेशन केलेल्या नव्या भागाला तेवढे बहुधा पुरावेत. जुन्या भिंतींच्या खोलीतून उष्णतेची गळती याहून जास्त असू शकते आणि तिथे पाय ऊबदार असूनही अंगाला गारठा जाणवतो. म्हणून पुढच्या खोल्यांचे पैसे आधी भिंती, माळा आणि फळ्यांखालच्या इन्सुलेशनवर घालावेत.

पुढे हीट पंप (बाहेरची उष्णता खेचून घरातले पाणी तापवणारे विजेचे यंत्र) बसवायचा म्हणून हे सगळीकडे हवेच, असेही आपल्याला सांगितले जाईल. जमिनीखालच्या नळ्यांना ३५ ते ४५ अंशांचे पाणी पुरते आणि ते हीट पंपाला मानवते, हे खरे आहे. परंतु मोठ्या आकाराचे रेडिएटरही ४५-५० अंशांच्या पाण्यावर चालतात, तेव्हा पुढच्या खोल्यांत तेच बदलून घ्यावेत.

सासू-सासऱ्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या प्रश्नाचा गाभा मला तोच वाटला. जुन्या मधुमेहात तळपायांची संवेदना कमी होऊ शकते आणि चटका बसला तरी कळत नाही. त्यामुळे पृष्ठभाग २९ अंशांच्या वर जाणार नाही, अशी मर्यादा थर्मोस्टॅटमध्ये घालून घ्यावी. आपल्याकडे जमिनीवर बसण्याची सवय असते. जाड सतरंजी किंवा गादी दिवसभर एकाच जागी पसरून ठेवली तर उष्णता तिच्याखाली कोंडते, म्हणून बसून झाल्यावर ती गुंडाळून ठेवावी. शिवाय स्क्रीडची जमीन तापायला काही तास लागतात. सासूबाई पहाटे पाचला उठून चहा ठेवत असतील, तर हीटिंग मध्यरात्रीनंतरच सुरू झालेले असले पाहिजे.

न्हाणीघरात फरशी बदलणारच असाल, तर तिच्याखाली विजेची चटई घालून घ्यावी. तीन चौरस मीटरची, दर चौरस मीटरला १५० वॅटची चटई सलग दोन तास चालली तरी एक युनिटही जळत नाही. मोठ्या खोल्यांत मात्र ती नको. तिथे विजेचे बिल परवडणार नाही.

घाई करू नये, हे अनुभवाने सांगतो. सिमेंटचा स्क्रीड रोज साधारण एक मिलिमीटर या गतीने वाळतो, आणि जाडी वाढली की त्याहून हळू. माझ्या घरी दिवाळीपूर्वी काम उरकावे म्हणून पाचव्या आठवड्यातच लाकडी फळ्या बसवल्या गेल्या. जानेवारीपर्यंत त्यांच्या कडा वर उचलल्या आणि सगळी जमीन पुन्हा करावी लागली.

बिल्डरकडून प्रत्येक खोलीच्या उष्णता-गळतीचा लेखी हिशेब मागून घ्यावा. नळ्यांची दाबचाचणी आपल्यासमोर करून घ्यावी आणि स्क्रीड ओतण्याआधी, शेजारी मोजपट्टी ठेवून, प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढावेत. पुढे कधी दाराचा अडसर बसवायला कोणी जमिनीत ड्रिल घालू लागला, की हेच फोटो त्याला दाखवता येतील.