फुटेज पुसले जाण्याआधी द्यायचे एक पत्र

प्रश्न (नाशिकहून एक वाचक): आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रिव्हर्स घेणाऱ्या गाडीचा धक्का लागून वडील पडले. वय 71. खुब्याचे हाड मोडले, ऑपरेशन झाले. गाडी शेजारच्या विंगमधली. मालक म्हणतात, काका स्वतःच घसरले. तिसऱ्या दिवशी वॉचमनला सांगून ऑफिसात फुटेज पाहिले, धक्का स्पष्ट दिसतो. स्क्रीनवरून मोबाइलमध्ये शूट केले आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकले. सेक्रेटरी म्हणतात, ठरावाशिवाय कॉपी मिळणार नाही, कमिटीची मीटिंग महिनाअखेरीस. पोलीस म्हणाले, फुटेज आणा मग बघू. मी माहिती अधिकारात सोसायटीकडे अर्ज टाकला आहे. आज अकरावा दिवस. डीव्हीआरला (कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्राला) आठ कॅमेरे आणि 2 टीबीची डिस्क आहे. काय करावे?

उत्तर: तुमचा मेल वाचल्याबरोबर तुम्हाला चार ओळींत कळवले होते, कारण हे छापून येईपर्यंत थांबण्यासारखी तुमची परिस्थिती नव्हती. इथे सविस्तर लिहिते ते बाकीच्यांसाठी. सायकल चोरीला गेली, जिन्यात मारामारी झाली, गेटवर कुणी अंगावर धावून आले, प्रसंग कुठलाही असो, येणाऱ्या पत्रांत एक वाक्य ठरलेले असते: फुटेज आहे, आम्ही पाहिले आहे. ते अजून आहे का, हे मात्र कुणी तपासलेले नसते.

तुमच्या प्रकरणात सगळे एकाच गोष्टीवर अडले आहे. तुमच्या डीव्हीआरची डिस्क भरली की सर्वात जुन्या रेकॉर्डिंगवर नवे चढते. एका कॅमेऱ्याचे रेकॉर्डिंग सेकंदाला 2 मेगाबिटने अखंड चालू असेल तर दिवसाला साधारण 21.6 जीबी जागा लागते. आठ कॅमेऱ्यांना 173 जीबीच्या आसपास. म्हणजे 2 टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते. सेटिंग हलक्या दर्जाचे असेल, किंवा हालचाल झाली तरच रेकॉर्ड करणारे असेल, तर मुदत वाढेल, पण त्या भरवशावर बसू नका. तिसऱ्या दिवशी तुम्ही त्या स्क्रीनसमोर उभे होतात आणि त्यानंतरचे आठ दिवस गेले. मला राग येतो तो याचा. वडील हॉस्पिटलमध्ये असताना धावपळ किती असते हे मला कळते, पण एक पत्र लिहायला दहा मिनिटे लागली असती.

तुम्ही कॉपी मागितलीत, म्हणून सेक्रेटरींनी ठराव पुढे केला. कॉपी द्यायची की नाही यावर कमिटी विचार करू शकते. आहे ते जपून ठेवायला कुठलाही ठराव लागत नाही. म्हणून आजच्या पत्रात कॉपी मागूच नका. घटनेची तारीख लिहा, आगेमागे एक तास धरून वेळ लिहा, कोणकोणत्या कॅमेऱ्यांत ती जागा दिसते ते लिहा आणि सांगा: हे रेकॉर्डिंग गुन्ह्याचा व नुकसानभरपाईचा पुरावा आहे, त्यावर दुसरे रेकॉर्डिंग होऊ देऊ नये, डिस्क काढून दोन सभासदांच्या सह्यांनिशी सीलबंद ठेवावी, नव्या डिस्कचा खर्च मी देतो. खर्चाची ओळ गाळू नका. नकाराचे सर्वात सोपे कारण तिने निघून जाते. पत्राच्या प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर त्याच दिवशी स्पीड पोस्टने पाठवा, सोबत सेक्रेटरी आणि चेअरमन दोघांना मेल करा.

या पत्राने काय बदलते ते सांगते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 241 प्रमाणे, पुरावा म्हणून हजर करावे लागेल असे इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड, ते हजर होऊ नये या हेतूने नष्ट करणे हा तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. सगळे वजन हेतूवर आहे. आपोआप पुसले गेले, आम्हाला कल्पना नव्हती, असे आज ते म्हणू शकतात. पत्र हातात पडल्यावर तसे म्हणता येत नाही. गुन्हा सिद्ध होईलच असे मी म्हणत नाही, पण कलमाचा उल्लेख असलेले पत्र मिळाल्यावर बहुतेक कमिट्या डिस्क काढतात.

माहिती अधिकाराचा अर्ज विसरून जा. तो कायदा फक्त सार्वजनिक प्राधिकरणांना लागतो. सहकारी संस्था केवळ नोंदणीकृत आहे म्हणून सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या थलप्पलम सहकारी बँकेच्या प्रकरणात 2013 मध्येच सांगितले आहे. सहकार कायद्याने सभासदाला दप्तर पाहण्याचा आणि नकला घेण्याचा हक्क आहे. फुटेज दप्तरात येते असा युक्तिवाद करता येईल, मात्र तो मान्य होईलच असे नाही. शिवाय संस्थेवर दावा करायचा म्हटले तर कलम 164 ची दोन महिन्यांची नोटीस आडवी येऊ शकते. हे सगळे रस्ते महिन्यांचे आहेत. तुमच्या हातात दिवस आहेत. कुणी खासगीपणाचे कारण पुढे केले तर सांगा, की 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्यातच कायदेशीर हक्क बजावण्यासाठी सूट ठेवलेली आहे.

आता पोलीस. फुटेज आणा मग बघू, हे उत्तर चुकीचे आहे, आणि ते तुम्ही ऐकून घेतलेत ही दुसरी चूक. हाड मोडणे ही न्याय संहितेच्या कलम 116 प्रमाणे गंभीर दुखापत आहे. निष्काळजीपणाने ती केली तर कलम 125 (ब) चा दखलपात्र गुन्हा होतो, म्हणजे कोर्टाच्या आदेशाची वाट न पाहता पोलीस तपास करू शकतात. एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्ड जोडून लेखी फिर्याद द्या. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असल्याने पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने आधी प्राथमिक चौकशी करू म्हणतील. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 (3) मध्ये तिला 14 दिवस दिले आहेत. तुमची डिस्क 14 दिवस टिकणार नाही. म्हणून फिर्यादीतच शेवटचा परिच्छेद घाला: नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 प्रमाणे पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने सोसायटीला डीव्हीआर व डिस्क हजर करण्याचा लेखी आदेश आजच द्यावा. ठाण्यात दाद लागली नाही तर वरिष्ठांकडे, आयुक्तालयाच्या हद्दीत उपायुक्तांकडे, लेखी तक्रार आणि मग प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. तिथे तारीख कधी लागेल याची खात्री मी देऊ शकत नाही, आणि म्हणूनच सोसायटीचे पत्र आधी, बाकीचे नंतर.

डिस्क काढण्याआधी रेकॉर्डिंग शोधून पाहावेच लागेल. तिथे एक ठेच नेहमी लागते. प्लेबॅकमध्ये जाऊन तारीख टाकली, काहीच दिसले नाही, की लोक पुसले गेले असे समजून परततात. डीव्हीआरचे घड्याळ आधी बघा. आतली छोटी बॅटरी संपलेली असेल तर वीज गेल्यावर ते कुठल्यातरी जुन्या सालावर जाते. टाइम झोन चीनचा राहिला असेल तर वेळ अडीच तास पुढे दिसते. संध्याकाळी सातची घटना रात्री साडेनऊला सापडेल. स्क्रीनवरची वेळ आणि तुमच्या फोनवरची वेळ एकाच फोटोत घ्या, फरक कागदावर लिहा, हजर असलेल्यांच्या सह्या घ्या, आणि त्या फरकाने शोधा. घड्याळ दुरुस्त मात्र करू नका. उलटतपासणीत पहिला प्रश्न वेळेचाच येतो आणि त्या वेळी जुना फरक दाखवता आला पाहिजे. शोधताना फक्त हालचालीच्या खुणांवर जाऊ नका, पूर्ण तास चालवून बघा. गाडीने धक्का दिल्यानंतर चालक उतरला का, कोणी धावत आले का, हे पुढच्या पाच मिनिटांत असते आणि साक्षीदार तिथेच सापडतात.

सापडले की डीव्हीआरच्या बॅकअप सोयीतून, मूळ फॉरमॅटमध्ये, नव्या पेन ड्राइव्हवर काढा. त्याच वेळी फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून सॉफ्टवेअर काढते तो ओळख-आकडा, काढून लिहून ठेवा. फाइलमध्ये एक बिट बदलला तरी ती बदलते. काढलेली डिस्क कुणाच्या कॉम्प्युटरला किंवा दुसऱ्या डीव्हीआरला जोडू देऊ नका. फॉरमॅट करू का, असा प्रश्न येतो आणि कोणीतरी हो दाबतो. फॉरमॅट झालेल्यातून प्रयोगशाळा कधी कधी काही परत मिळवते. ज्यावर नवे रेकॉर्डिंग चढले ते मात्र परत येत नाही.

भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 (4) चे प्रमाणपत्र हा यापुढचा टप्पा. इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डची प्रत कोर्टात पुरावा म्हणून चालायला ते लागते. 1 जुलै 2024 पासून त्याचे दोन भाग आहेत: अ भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या बाजूने, ब भाग तज्ज्ञाचा, दोन्हींत हॅश व्हॅल्यू. सोसायटी सही द्यायला नाही म्हणाली तर? याचे उत्तर आपल्या जालन्याच्या प्रकरणात आहे. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातील व्हिडिओवर ठरायचे होते. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले, पण खोतकरांच्या निवडीला आव्हान देणाऱ्या गोरंट्याल यांच्या बाजूने अधिकाऱ्यांकडे ते पुन्हा पुन्हा लेखी मागितले होते आणि मिळाले नाही, म्हणून त्यांना त्या अटीतून सूट दिली. मूळ यंत्र हजर करून त्याचा मालक साक्षीला उभा राहिला तर प्रमाणपत्र लागत नाही, हेही तिथेच सांगितले. निकाल जुन्या पुरावा कायद्यावरचा आहे, नव्या कलमाला तो शब्दशः लागेल का यावर मतभेद होऊ शकतात. लेखी मागणी ज्याने केली तोच तरला, हे मात्र त्यातून घ्या. तो निकाल जुलै 2020 मध्ये आला. तोपर्यंत त्या विधानसभेची मुदत संपून पुढची निवडणूकही होऊन गेली होती. कोर्टांचा वेग हा असा आहे, तेव्हा कोर्टात मागवून घेऊ असा विचार करून आज काही सोडू नका.

फुटेज हजर केले नाही तर कोर्ट त्यांच्याविरुद्धच समजेल, असे तुम्हाला कुणी सांगितले असेल तर तेही अर्धे खरे आहे. तसे अनुमान पुरावा दडवणाऱ्याविरुद्ध निघते. सोसायटी तुमची प्रतिपक्ष नाही. फौजदारी खटल्यात तर उलटेच होते: वाराणसीच्या हॉटेलातील मृत्यूच्या खटल्यात पोलिसांनी सीसीटीव्ही फुटेज हजर केले नाही आणि 2015 मध्ये दोन्ही इटालियन आरोपी सुटले. पुरावा हरवला तर फायदा गाडीवाल्याचा होईल.

मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईच्या अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. हा नियम 1 एप्रिल 2022 पासून आहे. या मुदतीवर वाद चालू आहेत. तुम्ही ती पाळा. खासगी पार्किंग हे सार्वजनिक ठिकाण ठरते का, विमा कंपनी हात वर करील का, हे तुमच्या गेटवर बाहेरच्यांना कितपत मोकळीक आहे त्यावर बरेच ठरेल. आज त्यावर मत देण्यात अर्थ नाही.

मोबाइलवरची क्लिप ग्रुपवर टाकलीत, त्यामुळे समोरच्याला काय दिसते आहे ते कळले. ती आता काढून टाका आणि पुढे कुणाला पाठवू नका. व्हॉट्सॲपवरून गेलेली प्रत दबलेली, बदललेली असते. तुमच्या फोनमधली मूळ फाइल मात्र आहे तशी ठेवा, कापू नका, नाव बदलू नका, आणि प्रकरण चालू आहे तोवर तो फोन एक्स्चेंजमध्ये देऊ नका. डिस्कवरचे आधीच गेले असेल, तर तो फोन, वॉचमनचा जबाब आणि त्या दिवशी स्क्रीन पाहणारे बाकीचे लोक एवढेच उरते. वॉचमन एजन्सीचा असेल तर त्याची बदली होण्याआधी पोलिसांकडे त्याचे नाव द्या.